कोल्हापुरात विमान चालवायला शिकायचं असेल तर आधी या सरांकडं जा

गोकुळ शिरगावला आमचं मशीनिंगचं शॉप आहे. उजळाईवाडीचा विमानतळ तिथून अगदी हाकेच्या अंतरावर, त्यामुळं विमान यायची वेळ झाली की मी हातातलं काम ठेवून शेडच्या दारात येऊन उभा राहतो हे आमच्या सगळ्या ऑपरेटरांना पाठ झालंय. छत्रपती राजाराम महाराजांनी 1939 मध्ये हा विमानतळ केला, म्हणजे आमच्या आजोबांनीपण इथंच विमानं बघितली, वडिलांनीपण इथंच, आणि बघण्याच्या पुढं आमच्या घरात कुणी गेलं नव्हतं. मी वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ठरवलं की आपण शिकायचं, नोकरीसाठी नाही, एअरलाइनमध्ये जायचं वय आणि पैसा दोन्ही नाही, फक्त स्वतःला चालवता आलं पाहिजे म्हणून. प्रायव्हेट पायलट लायसन्स, पीपीएल.

हा रिव्ह्यू कोल्हापुरातच स्वतंत्रपणे शिकवणाऱ्या एका सरांचा आहे. ते पूर्वी फ्लाइंग इन्स्ट्रक्टर होते, आता रिटायर होऊन घरीच शिकवतात. बोर्ड नाही, जाहिरात नाही, आणि नाव कुठं टाकायचं नाही असं त्यांनीच सांगितलंय म्हणून टाकत नाही. जिल्ह्यात उडण्याचं वेड असलेल्या पोरांना विचारत गेलात तर दोन-तीन माणसांत पत्ता मिळतो, मलापण तसाच मिळाला.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो कारण मी स्वतः इथंच चुकलो होतो. माझ्या डोक्यात होतं की एखादे इन्स्ट्रक्टर गाठायचे, त्यांच्याबरोबर छोट्या विमानात बसायचं आणि शिकायचं, ड्रायव्हिंग शिकतो तसं. अमेरिकेत हे खरंच चालतं, तिथं स्वतंत्र इन्स्ट्रक्टर असतात, तुम्ही विमान भाड्यानं घ्या किंवा स्वतःचं आणा, ते शेजारी बसून शिकवतात आणि ते तास लायसन्सला धरतात, त्यांच्या नियमावलीच्या भाग 61 खाली कमीत कमी 40 तास लागतात. आपल्याकडं तसं नाही. इथं लायसन्ससाठी उडायचं ते डीजीसीएची, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, मान्यता असलेल्या फ्लाइंग ट्रेनिंग संस्थेतच, आपल्या भागातली मुलं त्यासाठी बारामतीला, बेळगावला, शिरपूरला, गोंदियाला वगैरे जातात. सरांनी पहिल्या भेटीत पहिल्या पाच मिनिटात हेच सांगितलं, म्हणाले, "मी तुला हवेत नेणार नाही, मला तसं करता येत नाही. मी तुला जमिनीवर इतका तयार करीन की हवेतला तास वाया जाणार नाही." आणि फी विचारली तर म्हणाले आधी मेडिकल करून ये, मग बोलू.

हे मेडिकलचं लई महत्त्वाचं आहे. पीपीएलला क्लास 2 मेडिकल लागतं, डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडूनच, आणि त्यात रंग ओळखण्याची टेस्ट असते, डोळे, कान, ईसीजी, रक्त-लघवी सगळं. मी सरांकडं यायच्या आधी दुसऱ्या शहरातल्या एका क्लासला फोन केला होता, तिथं मेडिकलचा म सुद्धा न काढता दीड लाख ॲडव्हान्स भरा, सीट लॉक करा एवढंच चाललेलं. मी भरायच्या तयारीत होतो. नंतर त्याच क्लासचा एक मुलगा भेटला, तो सांगत होता की त्यानं पैसे भरले आणि मग मेडिकलला रंगांमध्ये अडकला, पैसे काही परत आले नाहीत, त्याच्या वडिलांनी त्यासाठी म्हैस विकलेली. त्या पोराचा चेहरा अजून डोळ्यासमोर येतो माझ्या. सरांकडं कुणी नवीन आलं की ते मेडिकलचा कागद बघितल्याशिवाय एक रुपया घेत नाहीत, आणि मी हा रिव्ह्यू लिहायला बसलो त्याचं अर्धं कारण हेच आहे.

फी तासाला 700 रुपये, त्या त्या दिवशी द्यायची, आगाऊ काही नाही. माझे सव्वा वर्षात साधारण 110 तास झाले, म्हणजे 77 हजार. पुढं फ्लाइंगचा एक तास मला साडेतेरा हजाराला पडला, त्यावरून हिशोब करा की जमिनीवर नीट शिकून हवेतले पाच-सात तास जरी वाचले तरी सरांची फी निघते.

शिकवायची पद्धत सांगतो. सरांच्या गच्चीवर पांढऱ्या टेपनं एक लांबट चौकोन चिकटवलाय, हा सर्किट, म्हणजे विमानतळाभोवती फेरी मारून परत उतरायचा मार्ग, एका बाजूला मधोमध रनवे, त्यावर 07 आणि 25 लिहिलेलं, म्हणजे आपला कोल्हापूरचाच रनवे. हे आकडे म्हणजे होकायंत्रावरची दिशा, साधारण 70 अंश आणि 250 अंश, शेवटचा शून्य काढून टाकलेला. पहिले दोन महिने मी या चौकोनावर चालत होतो, चालत, बसून नाही. टेकऑफ, डावीकडं वळायचं, मग चौकोनाच्या एकेक बाजू, क्रॉसविंड, मग डाउनविंड, मग बेस, मग फायनल म्हणजे उतरायची शेवटची सरळ रेघ, आणि प्रत्येक ठिकाणी मोठ्यानं बोलायचं, वेग किती, उंची किती, फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली येणारी पट्टी) किती, रेडिओवर काय बोलणार. सर खुर्चीत बसून टॉवर व्हायचे. मधेच म्हणायचे समोर कुत्रं आलंय रनवेवर, आता काय? मी म्हणायचो, गो अराउंड, सर, म्हणजे न उतरता परत वर. ते म्हणायचे, तोंडानं नको, हातानं दाखव. मग पुन्हा सगळं, पॉवर पूर्ण, नाक वर, फ्लॅप टप्प्याटप्प्यानं. तालमीत वस्ताद पोरांकडून एकच डाव शंभरदा घोटून घेतात तसलाच हा प्रकार, आणि खरं सांगतो, नंतर हवेत पहिल्यांदा खरंच गो अराउंड करायची वेळ आली तेव्हा हात आपोआप गेला.

आकडेसुद्धा कोल्हापूरचेच. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळपास 2000 फुटांवर आहे, मग क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीचा त्या वेळचा हवेचा दाब, लावून जमिनीवर उभं असताना अल्टिमीटर, म्हणजे उंचीचा काटा, काय दाखवणार? 2000. सर्किट जमिनीपासून 1000 फुटांवर उडायचं तर काट्यावर किती पाहिजे? 3000. पुस्तकात वाचून जे डोक्यात बसत नव्हतं ते असं बसलं. मग एप्रिलमध्ये एकदा दुपारी दोन वाजता बोलावलं, गच्चीवर, ऊन डोक्यावर, तापमान 38. म्हणाले आता डेन्सिटी अल्टिट्यूड काढ. 2000 फुटांवर स्टँडर्ड तापमान 11 अंश धरतात, आपल्याकडं 27 अंश जास्त, प्रत्येक अंशाला साधारण 120 फूट, म्हणजे 3240 त्यात मिळवा, झालं सव्वापाच हजारांच्या आसपास. म्हणजे विमानाला वाटतं आपण सव्वापाच हजार फुटांवरच्या एखाद्या डोंगरावरून टेकऑफ करतोय, हवा पातळ, इंजिनाला दम कमी, पंखाला लिफ्ट कमी, आणि जमिनीवर धावायचं अंतर समुद्रकाठच्या थंड सकाळच्या मानानं दीडपटीच्या घरात. ट्रेनिंगची उड्डाणं पहाटे-सकाळी का असतात ते मला त्या उन्हात घाम पुसताना कळलं आणि ते आता जन्मात विसरणार नाही.

माझ्या धंद्याचा सरांनी पुरेपूर उपयोग करून घेतला. स्टॉल, म्हणजे पंखाची उचल एकदम जाणं, शिकवताना म्हणाले, तुझ्याकडं शॉप आहे ना, मग पंख बनवून आण. मी ॲल्युमिनियमचा पत्रा वाकवून दोन फुटांचा पंख केला, वरच्या बाजूला आईच्या विणकामातल्या लोकरीचे तुकडे टेपनं चिकटवले, कोन मोजायला कडेला प्रोट्रॅक्टर, आणि शेडमधला मोठा मॅनकूलर समोर लावला. कोन हळूहळू वाढवत न्यायचा. आधी सगळे धागे शहाण्यासारखे मागं आडवे पडलेले, मग मागच्या कडेचे वळवळायला लागतात, आणि पंधरा अंशाच्या आसपास गेलं की एकदम सगळे उलटेपालटे, हवा पंखाला सोडून गेली. पंख्याचा वेग तोच आहे. सर एवढंच म्हणाले, "वेग तोच होता, बदललं काय?" कोन. स्टॉल होतो तो कोनामुळं, वेग हा फक्त त्याचा इशारा. आमचे दोन ऑपरेटर आणि चहावाला पण बघत उभे होते, त्यांनापण कळलं. तो पंख अजून शॉपमध्ये भिंतीला टांगलाय.

इंजिनाच्या बाबतीत मला वाटत होतं मला सगळं येतं. तिथंपण सरांनी नवीन दाखवलं. सेसना 172 या छोट्या विमानाचं इंजिन चार सिलिंडरचं, पण स्पार्क प्लग आठ, प्रत्येक सिलिंडरला दोन, आणि दोन वेगळे मॅग्नेटो, म्हणजे स्पार्कची वीज स्वतःच बनवणारे, बॅटरी मेली तरी इंजिन चालूच राहणार. टेकऑफच्या आधी 1800 आरपीएमला एकेक मॅग्नेटो बंद करून बघायचं, आरपीएम 150 पेक्षा जास्त पडता कामा नये आणि दोन्हींमधला फरक 50 च्या आत पाहिजे. आणि मग सरांचा प्रश्न, समज आरपीएम अजिबातच पडला नाही, तर चांगलं का वाईट? मी म्हणालो चांगलं. चूक. अजिबात पडला नाही म्हणजे तो मॅग्नेटो बंदच होत नसेल, अर्थिंगची वायर तुटलेली असू शकते, म्हणजे किल्ली ऑफ असतानासुद्धा कुणी प्रोपेलरला हात लावला तर इंजिन धडकन फिरू शकतं, माणूस जाईल. प्रोपेलरकडं बघायची माझी नजरच त्या दिवसापासून बदलली.

नेव्हिगेशनला कोल्हापूर ते बेळगाव हेच गणित पंचवीस वेळा करून घेतलं असेल. सरळ रेषेत साधारण 52 नॉटिकल मैल, दिशा 159 च्या आसपास, 100 नॉटनं, म्हणजे तासाला 100 नॉटिकल मैलांनी, गेलो तर 31 मिनिटं. आता पश्चिमेकडून 20 नॉटचा वारा घाल. नाक उजवीकडं साधारण 11 अंश धरावं लागतं. नाही धरलं तर? अर्ध्या तासात 9 नॉटिकल मैल, म्हणजे सतरा किलोमीटर पूर्वेला भरकटणार, आणि खाली बघून बेळगाव कुठं गेलं म्हणून शोधत बसणार. मोबाइल ॲपला हात लावू देत नाहीत, गोल फिरवायचं फ्लाइट कॉम्प्युटर (हातानं फिरवायची गणिताची चकती), पेन्सिल आणि पट्टी. सुरवातीला मला हे जुनाट वाटलं. परीक्षेत आणि नंतर विमानातपण, टॅबलेट उन्हानं तापून बंद पडला तेव्हा, तेच कामाला आलं.

हवामान हा सरांचा सगळ्यात आवडता विषय आणि तिथं ते थांबतच नाहीत. समुद्रावरून येणारी दमट हवा सह्याद्रीला आदळून वर चढते, थंड होते, म्हणून गगनबावड्याला पावसाची धार लागलेली असते आणि पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर कोल्हापुरात तेवढा नसतो. डोंगराच्या अलीकडच्या बाजूला हवा खाली कशी येते, तिथं छोटं विमान कसं दाबलं जातं, हे सगळं आपल्याच डोंगरांवर दाखवून. पन्हाळ्यावर नेऊन ढगाचा तळ किती उंचीवर असेल याचा अंदाज करायला लावला. बघून उडायचं, म्हणजे व्हीएफआर, तर दृश्यता निदान 5 किलोमीटर, ढगापासून आडवं 1500 मीटर आणि उभं 1000 फूट लांब राहायचं, हे आकडे माझ्याकडून रात्री अकरा वाजता फोन करूनपण विचारलेत.

आता जे खटकलं तेपण लिहितो. सरांच्या नोट्स नाहीत, सगळं तुम्हीच लिहून घ्यायचं, आणि ते बोलतात कोल्हापुरी मराठीत पण परीक्षा इंग्रजीत, त्यामुळं रोज घरी जाऊन पुस्तकाशी जुळवून घ्यावं लागतं. पेपरला 70 टक्के लागतात, तेवढ्यासाठी प्रश्नसंच सोडवायचा सराव ते करून घेत नाहीत, तो मी मित्राबरोबर वेगळा केला, आणि एअर रेग्युलेशनचा पेपर पहिल्या वेळी माझा गेला तो त्याचमुळं. रेडिओची परीक्षा पूर्वी दूरसंचार खात्याकडं होती, ती भारतीय वायुयान अधिनियम, 2024 आल्यावर डीजीसीएकडं गेली, असले फॉर्मचे बदल सरांना वेळेवर कळत नाहीत, वेबसाइट तुमची तुम्हीच बघायची. तब्येतीमुळं मधे दीड महिना क्लास बंद होता. वेळेला पाच मिनिटं उशीर झाला तर दार उघडत नाहीत, माझ्याबाबतीत दोनदा झालंय, पावसात भिजत परत गेलोय. आणि एका वेळी दोनच विद्यार्थी घेतात त्यामुळं वेटिंग आहे.

पण एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी ज्या संस्थेत उडायला गेलो, नाव घेत नाही, तिथं माझे तीन महिन्यात तीन इन्स्ट्रक्टर बदलले. प्रत्येकाची पद्धत वेगळी. माझं लँडिंग जमेना. सगळं नीट, फायनलला वेग 65 नॉट, सेंटरलाइनवर, आणि शेवटच्या वीस फुटात मी एकतर हँडल लवकर मागं ओढायचो आणि विमान वर तरंगून धप्पकन पडायचं, नाहीतर उशिरा ओढून पुढचं चाक आपटायची भीती. एक म्हणायचे जास्त ओढ, दुसरे म्हणायचे ओढू नको. 22 तास झाले तरी सोलो, म्हणजे एकट्यानं उडणं, नाही. पैसा चाललेला, शॉपकडं दुर्लक्ष, घरी आई काही बोलत नव्हती पण रोज विचारायची, झालं का रे? मी शनिवारी कोल्हापूरला आलो आणि सरांना सांगितलं की सोडून द्यायचा विचार आहे.

सर काही बोलले नाहीत, स्कूटरवर मागं बसले आणि म्हणाले उजळाईवाडीला चल. कंपाउंडच्या बाहेर रस्त्याकडेला आम्ही उभं राहिलो. हैदराबादहून येणारं एटीआर विमान यायचं होतं. सर म्हणाले विमानाकडं बघू नको, त्याच्या नाकाचा आणि क्षितिजाचा कोन बघ. ते आलं, नाक जरा खाली, मग रनवेच्या वर आल्यावर नाक सावकाश, एकदम सावकाश वर जात राहिलं आणि मागची चाकं टेकली. मग विचारलं, "त्या वेळी तुझी नजर कुठं असते?" मी म्हणालो, समोर, जिथं टेकणार तिथं. "म्हणूनच. जमीन जवळ आली की नजर रनवेच्या पार शेवटच्या टोकाला टाक. जवळ बघितलंस तर जमीन अंगावर धावून येते आणि हात घाबरतो. लांब बघितलंस की जमीन दोन्ही बाजूंनी हळूच वर येताना कळते." एवढंच. त्या दिवसाची फी घेतली नाही, चहापण त्यांनीच पाजला. सोमवारी परत गेलो, तिसऱ्या लँडिंगला ते बसलं, आणि त्याच आठवड्यात इन्स्ट्रक्टर दार उघडून खाली उतरले आणि म्हणाले, एक सर्किट मारून ये. शेजारची सीट रिकामी. विमान हलकं झाल्यामुळं अपेक्षेपेक्षा लवकर उचललं गेलं, हे सरांनी सांगून ठेवलं होतं म्हणून दचकलो नाही.

एकूण 47 तासांत माझं पीपीएलचं सगळं झालं, नियमानं 40 लागतात. एक सल्ला सरांचा मी उशिरा ऐकला, तुम्ही लवकर ऐका: शनिवार-रविवार करून शिकू नका, तीन-तीन आठवड्यांची सलग सुट्टी काढून जा, कारण दहा दिवसांचा गॅप पडला की पुढचा एक तास फक्त आधीचं आठवण्यात जातो. माझे जास्तीचे सात तास बहुतेक त्यातच गेले.

पीपीएलला 150 नॉटिकल मैलांचं एक एकट्यानं करायचं क्रॉस कंट्री, म्हणजे लांब पल्ल्याचं उड्डाण, असतं, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण उतरायचं. माझ्या रूटमध्ये एक कोल्हापूर होतं. जानेवारीची सकाळ, वारा पूर्वेकडून, रनवे 07 मिळाला. पंचगंगेचं वळण, रंकाळा, मग उजवीकडं आमच्या एमआयडीसीच्या पत्र्याच्या शेड, त्यातली आमची कुठली ते शोधायचा मोह झाला पण नजर लांब ठेवली. उतरून कागद पूर्ण करून बाहेर फोन लावला तर सर त्या कंपाउंडच्या रस्त्यावरच उभे होते, सकाळी आठपासून, थंडीत, कानाला मफलर बांधून. आई पण होती. सर म्हणाले फ्लेअर, म्हणजे टेकायच्या आधी नाक उचलणं, चांगला होता, सेंटरलाइनच्या दीड मीटर डावीकडं टेकलास, परत जाताना उजव्या रडरकडं लक्ष दे.

जायचं असेल तर मेडिकलचा कागद, दहावीचं मार्कशीट, दोनशे पानी वही, पेन्सिल आणि पट्टी घेऊन जा. पीपीएलला दहावी पास चालतं आणि 17 वर्षं पूर्ण लागतात, पण पुढं कमर्शियल करायचं असेल तर बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स लागतं, ते आधीच विचारात घ्या, सर तेपण पहिल्याच दिवशी विचारतात. फोन सकाळी साडेसातच्या आत करा, नंतर ते फिरायला जातात. सध्या माझ्या माहितीप्रमाणं एक जागा जूनमध्ये रिकामी होतेय.